गायक वारला म्हणून गाणं मोकळं होत नाही

'अमुक जुन्या अमेरिकन कंट्री (तिथल्या ग्रामीण ढंगाच्या संगीताच्या) गायकाला जाऊन सत्तर वर्षं झाली, आता त्याची गाणी कुणीही वापरावीत,' असा मजकूर वर्षानुवर्षं पुढे पाठवला जातो. असं वाटणं साहजिक आहे. पुस्तकांच्या बाबतीत आपण लेखकाच्या मृत्यूचं सालच तर धरतो.

गाण्यात मात्र दोन वेगळे हक्क (कॉपीराइट) असतात. शब्द आणि चाल हा एक, स्टुडिओतलं ध्वनिमुद्रण हा दुसरा. स्वतः लिहून स्वतः गाणाऱ्याचेही हे हक्क बऱ्याचदा दोन वेगळ्या कंपन्यांकडे असतात.

समजा, रेकॉर्ड १९५१ची आहे आणि गाणं स्वतःच रचणारा गायक १९५३ साली वारला. भारतात रचनेचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, ध्वनिमुद्रणाचा प्रकाशनानंतर ६० वर्षं. म्हणजे इथे दोन्ही मुदती संपल्या. अमेरिकेत गणित निराळं. हक्काचं नूतनीकरण झालेलं असेल तर रचनेला प्रकाशनापासून ९५ वर्षं, म्हणजे २०४६ अखेरपर्यंत संरक्षण. १९४७ ते १९५६मधल्या ध्वनिमुद्रणांना ११० वर्षं, म्हणजे २०६१ अखेरपर्यंत! मृत्यूच्या सालाचा तिथे संबंधच येत नाही. असं गाणं घातलेला आपला व्हिडिओ इंटरनेटवर अमेरिकेतही दिसतो, म्हणून तो अडवला जाऊ शकतो.

तपासायला आधी रेकॉर्डचं लेबल पाहा. गाण्याच्या नावाखाली बारीक अक्षरांत रचनाकाराचं नाव असतं. मग पहिल्या प्रकाशनाचं साल शोधा. सीडीवरचं साल नव्या आवृत्तीचं असू शकतं. तेच गाणं पुढे दुसऱ्या कुणी गायलं असेल, तर त्या ध्वनिमुद्रणाची मुदत वेगळी मोजावी लागते.