गोव्याच्या लघुपटांत चित्र कमी, आवाज जास्त

पोर्तुगीज राजवटीने मागे ठेवलेल्या खुणांवर गोव्यात लघुपट करायला बसलं की पहिलं घोडं चित्रापाशीच अडतं. २५ नोव्हेंबर १५१० ते १९ डिसेंबर १९६१ अशी ४५१ वर्षांची ही सत्ता. त्यातला शेवटचा अर्धशतकभराचा काळ तर चक्क सिनेमाचा. पण त्या दिवसांतला डिचोलीचा बाजार किंवा पेडण्याची भातशेती हलत्या चित्रात बघायची म्हटली तर हाताला फारसं काही लागत नाही. कॅमेरा होता, पण तो सरकारच्या खांद्यावर होता.

पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीने १९३३ साली लिस्बनमध्ये प्रचाराचं स्वतंत्र खातं उघडलं. १९३८ ते १९५१ या काळात 'जोर्नाल पुर्तुगेज' नावाची वृत्तचित्रं निघत होती. पुढे १९५१ मध्ये पोर्तुगालने घटना दुरुस्त केली आणि 'वसाहती'चे 'सागरपार प्रांत' झाले. कागदोपत्री वसाहतच उरली नाही, मग तिथल्या माणसाचं गाऱ्हाणं पडद्यावर येणार कुठून? इकडे गोव्यात सेन्सॉर इतका कडक, की लग्नपत्रिकाही मंजुरीशिवाय छापता येत नसे. अशा वातावरणात २४ एप्रिल १९५० रोजी जेरी ब्रागांझा यांचा 'मोगाचो आंवडो' हा पहिला कोकणी चित्रपट लागला. ती प्रेमकथा होती. त्या दिवसांत दुसरं काही करू दिलं असतं असं मला वाटत नाही.

मुक्तीनंतर बाहेरच्या दिग्दर्शकांनी हा विषय घेतला. ख्वाजा अहमद अब्बास यांचा 'सात हिंदुस्तानी' १९६९ सालचा. गोव्यात शिरणाऱ्या सत्याग्रहींची गोष्ट. श्याम बेनेगल यांचा 'त्रिकाल' १९८५ मधला, १९६१ च्या उंबरठ्यावरच्या एका कॅथलिक घराण्याचा, आणि तो चित्रित झाला लोटलीला मारिओ मिरांडा यांच्या वडिलोपार्जित वाड्यात. सिनेमा म्हणून तो मला आवडतोच. पण त्या वाड्याच्या बॉल्कांवाने, म्हणजे दारापुढच्या बसायच्या ओसरीने, आपल्या डोळ्यांना एक सवय लावली. पोर्तुगीज वारसा म्हटलं की शिंपल्यांच्या खिडक्या, पणजीतल्या फोंतेन्य वाड्याच्या पिवळ्या-निळ्या भिंती आणि गिटार घेऊन बसलेला म्हातारा. अगदी परवापरवापर्यंत विद्यार्थ्यांचे लघुपटही याच रंगात रंगलेले दिसायचे.

या चित्रात अर्धा गोवा नसतो. तिसवाडी, बार्देश, सासष्टी या जुन्या काबिजादी, म्हणजे आधी जिंकलेले तालुके, सोळाव्या शतकातच पोर्तुगीजांच्या हातात गेल्या. १५६० ते १८१२ चाललेल्या इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा, वरवंटा फिरला तो मुख्यतः तिथे. फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे वगैरे नव्या काबिजादी मात्र अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आल्या. पेडणे तर १७८८ मध्ये. इथे देवळं जागेवर राहिली, कीर्तन आणि दशावतार चालू राहिले, आणि मुलं मराठी अक्षरं गिरवत मोठी झाली. म्हणून इथल्या घरात पोर्तुगीज सत्ता आठवते ती भाषेत किंवा जेवणात कमी, कागदात जास्त.

तो कागद मी जवळून पाहिला तो डिचोलीजवळ, मावशीच्या सासरी. माझा मावसभाऊ आणि त्याचे कॉलेजातले मित्र दहा मिनिटांचा लघुपट करत होते आणि मी हौसेने त्यांच्यामागे छत्री धरून उभा होतो. माळ्यावरून पत्र्याची ट्रंक उतरवली. आत जाड मुद्रांकित कागदावरचं इश्क्रितूर, म्हणजे खरेदीखत. वरून खालपर्यंत तिरप्या पोर्तुगीज अक्षरांत, आणि तळाला पणजोबांची मोडीतली सही. ज्या मजकुराखाली त्यांनी सही केली तो त्यांना वाचता येत नव्हता. आता घरात कुणालाच तो वाचता येत नाही, आणि ती मोडी सहीसुद्धा नाही! मुलांनी त्या सहीवर कॅमेरा जवळजवळ एक मिनिट स्थिर धरला. लघुपटाच्या दहा मिनिटांत एक मिनिट म्हणजे फार झालं, पण मला ते पटलं.

कारण हे कागद अजून चालू आहेत. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा गोव्यात आजही बऱ्याच अंशी लागू आहे. नवरा-बायकोची मालमत्ता आणि वारसांच्या वाटण्या यांचा पाया त्याच्याच तत्त्वांत आहे. कोमुनिदाद, म्हणजे गावाची सामायिक जमीन सांभाळणारी 'गावकरी', ही संस्था पोर्तुगीजांच्याही आधीची, पण तिचे नियम त्यांनी लिहून काढले. खाणींचे परवाने पोर्तुगीज काळातले. ते रद्द करून त्यांचे भाडेपट्टे करायला १९८७ चा कायदा यावा लागला. सत्तरीत आल्वारा आणि मोकाशाच्या, म्हणजे जुन्या सरकारी सनदांनी दिलेल्या, जमिनी कसणाऱ्यांच्या नावावर कधी होणार, हा प्रश्न २०२१ च्या जानेवारीत मेळावलीच्या आयआयटीविरोधी आंदोलनातही वर आला. ज्या तालुक्यात १८५२ मध्ये दिपाजी राणे आणि १८९५ मध्ये दादा राणे पोर्तुगीजांविरुद्ध उठले, तिथेच. मुंडकाराला, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जागेत घर करून राहणाऱ्याला, घरातून हुसकावू नये म्हणून १९७५ मध्ये कायदा झाला, पण भाटकार आणि मुंडकार हे शब्द बोलण्यातून गेलेले नाहीत.

पासपोर्टाची गोष्ट निराळी. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालमध्ये जन्मनोंदणी करून तिथलं नागरिकत्व मिळवता येतं; भारताचं मात्र सोडावं लागतं. त्या कागदाच्या जोरावर कितीतरी पोरं इंग्लंडमधल्या स्विंडनच्या गोदामांत कामाला गेली. दाबोळी विमानतळावरचा निरोप हा आता लघुपटांचा इतका ठरलेला शेवट झाला आहे, की परीक्षकांनी त्यावर बंदी घालावी असं मी गमतीने म्हणतो.

कागदाच्या जोडीला उरतो आवाज. १९५५ च्या नोव्हेंबरपासून मुक्तीपर्यंत वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो सह्याद्रीच्या रानातून, आधी आंबोली आणि मग कॅसलरॉकच्या बाजूने, कोकणी आणि पोर्तुगीजमध्ये गुप्त रेडिओ चालवत होते. ऐकणारे दार लावून, आवाज बारीक करून ऐकत. पोर्तुगीज शरण आल्यावर या दोघांनी विमानात बसून ध्वनिक्षेपकावरून गोव्याच्या आकाशातून मुक्तीची बातमी दिली. एका लघुपटाला यापेक्षा काय हवं? काळा पडदा ठेवला तरी चालेल.

२००४ पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, पणजीत आल्यावर लघुपटवाल्यांना बघायला आणि दाखवायला जागा मिळाली. अलीकडच्या वर्षांत तरुणांना ४८ तासांत लघुपट करण्याचं आव्हानही तिथे दिलं जातं. इफ्फीचं मुख्य आवार म्हणजे जुन्या गोमेकॉची, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजची, इमारत. हे वैद्यकीय विद्यालय पोर्तुगीजांनी १८४२ मध्ये काढलेलं. मोबाइलवर चित्रीकरण होऊ लागल्यापासून खर्चाचं ओझंही उतरलं. लांब चित्रपटाला राजवाडा, गणवेश, जुन्या गाड्या लागतात. लघुपटाला ट्रंक पुरते.

डिचोलीला त्या दिवशी मुलांनी शेवटी मावशीच्या सासूबाईंना समोर बसवलं. १८ डिसेंबर १९६१ च्या पहाटे पोर्तुगीजांनी माघार घेताना डिचोलीचा पूल उडवला, तेव्हा त्या नुकत्याच लग्न होऊन आल्या होत्या. सैन्य, झेंडे, विमानं यातलं काहीच त्यांनी पाहिलं नव्हतं. दारं बंद होती. "आवाज कसा होता, आजी?" मावसभावाने विचारलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग शेजारच्या उघड्या ट्रंकेचं झाकण दोन्ही हातांनी उचललं आणि दाणकन सोडलं. "अशें!" ध्वनिमुद्रण करणारा पोरगा हेडफोन काढून कान चोळत राहिला.