नवस (सातारा–सांगली परिसर)

दुखणे, अपत्याची आस किंवा सुटता न सुटणारी अडचण यांत देवाला साकडे घालून, गुण आल्यास ठरलेली सेवा करण्याचा शब्द देणे म्हणजे नवस. सातारा व सांगली जिल्ह्यांत ही प्रथा जातिधर्माच्या पलीकडे रुजलेली आहे.

नवस बहुधा आजारी माणूस बोलत नाही. त्याची आई, बायको, भाऊ बोलतो. देव्हाऱ्यापुढे नारळ किंवा सव्वा रुपया बाजूला काढून ठेवायचा, लेकरू उठून बसले की दर्शनाला आणीन म्हणायचे. उपचार डॉक्टरांच्या हाती असतात. उशाशी बसलेल्याच्या हाती काहीच नसते. त्याला काही करता यावे, ही या प्रथेतली सर्वांत माणुसकीची बाजू. गुण आल्यावर ओटी, लोटांगण, गुळाची किंवा पेढ्यांची तुला, चांदीचे डोळे, पाळणा असे जे कबूल केले असेल ते वाहून नवस फेडतात. बोलणारा मधेच वारला तर त्याच्या घरचे फेडतात.

मिरजेत दवा आणि दुवा शेजारी नांदतात. डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलमुळे कर्नाटकातूनही रुग्ण येऊ लागले. त्याच गावात मीरासाहेबांचा दर्गा आहे; तेथे हिंदू घरांतूनही गलेफ (कबरीवरची चादर) चढवला जातो. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ आजारपणात या दर्ग्यात गायनसेवा करून बरे झाले, अशी आठवण मिरजकर सांगतात. 1937 मध्ये त्यांचे निधन झाले; उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गवई आजही हजेरी लावतात.

कृष्णाकाठच्या औदुंबरला नृसिंहसरस्वतींनी चातुर्मास केला. दत्तसंप्रदायातील कथेनुसार, एक मंदबुद्धी मुलगा पलीकडच्या काठावरील भुवनेश्वरीपुढे धरणे धरून बसला, तेव्हा देवीने त्याला नदीपार गुरूंकडे धाडले. आजही येथे पादुकांची सेवा व पारायण करणारे पीडित भाविक येतात. पालीचा खंडोबा, खरसुंडीचा सिद्धनाथ, आरेवाडीचा बिरोबा ही नवसाची आणखी काही ठाणी.

वाई तालुक्यातील मांढरदेवची काळूबाई सर्वांत गर्दीचे ठाणे. पौष पौर्णिमेच्या यात्रेत 25 जानेवारी 2005 रोजी चेंगराचेंगरी व आगीत सुमारे 300 भाविक दगावले. लेकराबाळांचे बरे व्हावे म्हणून डोंगर चढलेली ही माणसे होती. अरुंद वाट आणि अपुरी व्यवस्था यांनी त्यांचा घात केला. त्यानंतर गडावर पशुबळीला बंदी आली.

नवसाच्या आडून भगत-मांत्रिकांनी केलेली लूट हा या प्रथेवरचा डाग आहे. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी त्याविरुद्ध आयुष्य वेचले. 20 ऑगस्ट 2013 रोजी त्यांची हत्या झाली आणि त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावर रुग्णाला औषधोपचारापासून रोखून मंत्र-गंडेदोरे करणे त्याने गुन्हा ठरवले. पूजा, प्रदक्षिणा, यात्रा, वारी यांना मात्र हा कायदा लागू नाही.