पोट लहान केलं म्हणजे आई होता येत नाही?

‘पोट छोटं करून घेतलंस, आता बाळ कसं पोसणार?’ बॅरिअ‍ॅट्रिक, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया झालेल्या मुलींना हे सर्रास ऐकवलं जातं. हा समज चुकीचा आहे. वजन उतरू लागलं की बऱ्याच जणींची, विशेषतः पीसीओएस (हार्मोन्स बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास) असलेल्यांची, पाळी काही महिन्यांतच नियमित होते आणि दिवस जाण्याची शक्यता उलट वाढते. गर्भारपणातल्या मधुमेहाचा आणि रक्तदाबाचा धोकाही कमी होतो.

खरा प्रश्न वेळेचा आहे. वजन झपाट्याने घटत असताना बाळाला पोषण कमी पडू शकतं, म्हणून डॉक्टर साधारण १२ ते १८ महिने थांबायला सांगतात. या काळात नुसत्या गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबू नका. पोटाच्या बायपासनंतर, म्हणजे अन्न आतड्याचा काही भाग टाळून पुढे जाईल अशा प्रकारच्या शस्त्रक्रियेनंतर, त्या नीट शोषल्या जातीलच असं नाही. तांबी जास्त भरवशाची.

दिवस जाण्याआधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, फोलेट आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. शाकाहारी घरांत बी-१२ मुळातच कमी आढळतं, त्यात ही शस्त्रक्रिया.

ऑपरेशन झाल्याचं स्त्रीरोगतज्ज्ञांपासून कृपा करून लपवू नका, सासरी सांगितलेलं नसलं तरी. बायपासनंतर ग्लुकोजचं पाणी पिऊन करायच्या चाचणीने घाम, धडधड, चक्कर येऊ शकते. त्याऐवजी आठवडाभर घरी ग्लुकोमीटरने साखर मोजता येते. आणि गर्भारपणात पोटात जोराची कळ आली, तर ‘गॅस असेल’ म्हणून थांबू नका. आतड्याला पीळ पडलेला असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा.