बर्फाच्या रकान्यातला ‘टी’

मायामीच्या हवामान नोंदींत बर्फाची तारीख म्हणून 19 जानेवारी 1977 सापडते, पण तिच्यासमोर आकडा नाही, ‘टी’ हे अक्षर आहे. अमेरिकेत बर्फ इंचाच्या दहाव्या भागापर्यंत मोजतात. त्याहूनही कमी पडला, किंवा टेकताच विरघळला, तर ती ‘ट्रेस’, म्हणजे नुसता मागमूस. त्या सकाळी भुरभुरलेले कण जमिनीवर राहिलेच नाहीत. तरी वर्तमानपत्रांनी पहिलं पान त्यांना दिलं. दक्षिण फ्लोरिडातल्या शेतकऱ्यांना मात्र बर्फाचं कौतुक नव्हतं. त्यांचा उभा भाजीपाला कडाक्याने गेला होता.

या भागात थंडी येत नाही असं नाही. कॅनडाकडून निघालेल्या वाऱ्याला मेक्सिकोच्या आखातापर्यंत आडवा डोंगर नाही. अडचण वेगळीच आहे: थंडी आली की हवा कोरडी, आणि आखातावरून ओल आली की हवा उबदार. दोन्ही एकाच वेळी जुळल्या तरच बर्फ. 1774 मध्ये फ्लोरिडात तो पडला तेव्हा लोकांनी त्याला ‘विलक्षण पांढरा पाऊस’ म्हटल्याचं सांगतात. शब्दच नसला की माणूस दुसरं काय म्हणणार!

फेब्रुवारी 1895 मध्ये असं जुळलं, तेही जबरदस्त. टेक्सासातल्या ह्यूस्टनमध्ये सुमारे 20 इंच, गॅल्व्हस्टनच्या समुद्रकाठी 15 इंचांच्या वर. त्याच हिवाळ्यात दोनदा आलेल्या कडाक्याने फ्लोरिडातल्या संत्र्यांच्या बागा संपवल्या. वाचला तो दक्षिणेकडचा टोकाचा भाग. तिथल्या जमीनमालकीण जूलिया टटल यांनी रेल्वेवाले हेन्री फ्लॅगलर यांना संत्र्याची ताजी फुलं पाठवली, अशी कथा आहे. फुलांचं खरं-खोटं राहू द्या. 1896 मध्ये रेल्वे तिथे पोचली आणि त्याच वर्षी मायामी शहर झालं. जिथे बर्फ जेमतेम एका अक्षरापुरता पडला, ते शहर वसायला कडाक्याचाच हातभार लागला, ही गंमत मला त्या ‘टी’पेक्षा मोठी वाटते.

पुढे 1899 मध्ये टालाहासीत पारा उणे 2 फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे उणे 19 सेल्सिअसच्या आसपास उतरला. फ्लोरिडाचा तो नीचांक अजून टिकून आहे. टेक्सासच्या दक्षिण टोकाच्या ब्राउन्सव्हिलला 1895 नंतर मोजण्याजोगा बर्फ थेट 2004 च्या नाताळात दिसला. मधल्या 109 वर्षांत तो फक्त ऐकीव गोष्ट होता.

21 जानेवारी 2025 ला आखाताचा किनारा पुन्हा पांढरा झाला. फ्लोरिडातल्या मिल्टनला 1954 मध्ये 4 इंच पडला होता. तो राज्याचा विक्रम मिल्टननेच मोडला: या वेळी जवळपास 10 इंच. न्यू ऑर्लिन्सच्या विमानतळावर 8 इंच भरला. शहराचा 1895 चा आकडा 8.2 इंच. मग विक्रम मोडला की हुकला? 1895 चं मोजमाप शहरातलं आहे. विमानतळ तेव्हा नव्हताच.