सनईवाल्याच्या घरातली क्लॅरिनेट

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मडगावात आमचा सात जणांचा बॅण्ड होता. त्यात सनईवाल्याच्या घरातला मी एकटा. बाकी सहाही जण चर्चच्या गायनातून आलेले. लग्नांत, फेस्तांना म्हणजे चर्चच्या सणांना आम्ही जुन्या वळणाचं जॅझ वाजवायचो, आणि फोंड्याकडचे आमचे पाहुणे हमखास विचारायचे, हे अमेरिकेचं खूळ मडगावात शिरलं कुठून? उत्तर लांबचं आहे आणि मुंबईवरून फिरून येतं.

सुरुवात मात्र इथल्याच फिर्गजींत, म्हणजे चर्चच्या गावोगावच्या हद्दींत झाली. पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडून शाळा असत. तिथे मेस्त, म्हणजे संगीताचा मास्तर, मुलांना सोल्फ म्हणजे स्वरवाचन शिकवायचा. आधी स्वर तोंडाने म्हणायचे, हाताने मात्रा मोजायच्या, मग कुठे व्हायोलिनला हात लावायचा. चर्चला गायक-वादक मिळावेत एवढाच त्यामागचा हेतू. पण परिणाम असा झाला की, ज्या गावांत पोटापुरतं काम नव्हतं तिथली पोरं पाश्चात्त्य स्वरलिपी घडाघडा वाचायला लागली. या विद्येला बाहेर गिऱ्हाईक भरपूर होतं: ब्रिटिश पलटणींचे बॅण्ड, संस्थानिकांचे वाद्यवृंद, आगबोटी, हॉटेलं. मुंबईला गेलेला वादक धोबी तलावाच्या बाजूला आपल्या गावच्या कुडीत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक खोलीत, पेटी टाकायचा आणि काम शोधायला निघायचा.

जॅझची पहिली तबकडी अमेरिकेत १९१७ साली निघाली. १९३५ मध्ये लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय व्हायोलिनवादक आपला बॅण्ड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला, त्याच्यामागून पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आला. गोव्याच्या पोरांनी हे वादन समोर बसून ऐकलं, आणि काहींना त्यांच्या शेजारी बसून वाजवायलाही मिळालं. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ ट्रम्पेटवर लुई आर्मस्ट्राँगच्या वळणाने वाजवायचा. लोक त्याला चिक चॉकलेट म्हणत.

मग आला १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा. हॉटेलांतल्या रात्री ओसरल्या आणि बॅण्डवाले सिनेमाच्या स्टुडिओकडे वळले. मराठी घरांत सी. रामचंद्र म्हणजे आपला माणूस. पण त्यांच्या गाण्यांतले ते ट्रम्पेटचे झटके कुणाचे, हे फारसं कुणी विचारत नाही. चिक चॉकलेट त्यांचा सहायक होता, आणि १९५१ च्या ‘अलबेला’त तो बॅण्डसकट पडद्यावरही दिसतो. शंकर-जयकिशनकडे वाद्यसंयोजक म्हणून सॅबॅस्टियन डिसोझा होते. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसनी प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं, आणि १९७७ साली शिष्याने गुरूचं नाव एका गाण्यात घालून देशभर पोचवलं. गाण्याची चाल संगीतकाराची, पण साठ-सत्तर वादकांपुढे स्वरलिपीचे कागद मांडायचे ते या गोवेकरांनी. माझ्या मते हिंदी सिनेमाने त्यांना नाव देण्यात फार कंजुषी केली.

१९५५ पासून भारताने गोव्याची नाकेबंदी केली, रेल्वे थांबली, आणि मुक्तीपर्यंत येणं-जाणं अवघड झालं. १९६१ नंतर वाट मोकळी झाली तरी काम मुंबईतच होतं. ऐंशीच्या दशकात स्टुडिओत सिंथेसायझर शिरला आणि एका पेटीतून दहा व्हायोलिनं वाजायला लागली, तेव्हा उतारवयातले कितीतरी वादक गावी परतले. आमचे मेस्त त्यांतलेच. ट्रम्पेट वाजवायचे, दात सैल झाले म्हणून हळू वाजवायचे.

आम्ही वाजवायचो त्या जुन्या जॅझची गंमत अशी की ट्रम्पेट मूळ चाल धरतो, क्लॅरिनेट तिच्या वरून वेलबुट्टी काढते, ट्रॉम्बोन खालून घसरत येतो, आणि हे सगळं एकाच वेळी, कागदाशिवाय. गोव्याच्या वादकाला कागदाने जगभर नेलं, पण इथे त्याचा फारसा उपयोग नाही. आमच्या बॅण्डची खरी अडचण हीच होती. सहा जणांना समोर कागद नसला की चुकल्यासारखं वाटे; मला कागद जेमतेम वाचता यायचा. एका लग्नात घाईत व्हायोलिनचा कागद माझ्यापुढे आला. मी इमानदारीत, बोट ठेवून वाचल्यासारखा वाजवला. बी-फ्लॅट क्लॅरिनेट लिहिल्यापेक्षा एक पूर्ण स्वर खाली बोलते, त्यामुळे नवरा-नवरीच्या पहिल्या नाचाला आम्ही दोन पट्ट्यांत वाजत होतो. मेस्त कानाशी येऊन म्हणाले, “कागद पळयनाका रे, म्हाका आयक.” म्हणजे, कागद बघू नकोस रे, मला ऐक.

कानाने वाजवायचं म्हटलं तरी घरची विद्या सरळ लागू पडेना. सनईत फुंक कसली की सा चा वरचा सा येतो. क्लॅरिनेटवर सा धरून मागची अंगठ्याची कळ दाबली तर येतो वरच्या सप्तकातला प! बोटं सगळी नव्याने बसवावी लागली. त्यात पावसाळ्यात कळांखालच्या गाद्या ओल्या होऊन चिकटायच्या. त्यावर मेस्तांचा उपाय म्हणजे सिगारेटचा पातळ कागद. गादीखाली सरकवायचा, कळ दाबून ओल टिपून घ्यायची आणि हलकेच काढायचा. जोरात ओढला की गादी फाटली. मी दोन फाडल्या.

बाबांनी देवळात आयुष्यभर सनई वाजवली. एकदा मडगावच्या फेस्ताला ते आमचा बॅण्ड ऐकायला आले. संपेपर्यंत मागे उभे राहिले, बसले नाहीत. परतताना बसमध्ये त्यांनी एकच विचारलं, “तुमच्यात सूर कोण धरतो?” सनईच्या ताफ्यात एक जण नुसता सूर धरून असतो, सगळ्यांचा आधार तो.

मी म्हटलं, “कोणीच नाही.”

बोरीचा पूल येईपर्यंत ते काही बोलले नाहीत.