टाइमशिफ्ट चालू आहे, पण बॅकअप कुठे आहे?

नाशिकमध्ये सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमधल्या ड्रॉइंगच्या कॉम्प्युटरपासून कॉलेज रोडवरच्या क्लासेसपर्यंत, जिथे विंडोजऐवजी लिनक्स मिंट किंवा उबंटू या ऑपरेटिंग सिस्टिमवर रोजचं काम चालतं तिथे एक वाक्य हमखास ऐकू येतं: "बॅकअपचं टेन्शन नाही, टाइमशिफ्ट लावलंय." हे वाक्य चूक आहे. टाइमशिफ्ट हा प्रोग्राम स्नॅपशॉट घेतो, म्हणजे सिस्टिमची त्या क्षणाची नोंद ठेवतो. बॅकअप म्हणजे तुमच्या कामाच्या फाइल्सची वेगळी ठेवलेली प्रत. ही दोन वेगळ्या कामांची साधनं आहेत. एकाच्या भरवशावर दुसरं न केल्यामुळे वर्षानुवर्षांची ड्रॉइंग्ज, बिलं, फोटो जातात, आणि तरीही हा घोळ थांबत नाही.

टाइमशिफ्ट बहुतेकांना वापरून माहीत असतं, त्यामुळे त्यावर थोडक्यात. सिस्टिमच्या फाइल्स आज जशा आहेत तशा ते धरून ठेवतं. कर्नल (सिस्टिमचा गाभा) बदलला, एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर टाकला आणि स्क्रीन काळी पडली, तर कालचा स्नॅपशॉट निवडून मागे जाता येतं. मशीन चालूच होत नसेल तर मिंटच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरूनही (ज्यावरून इन्स्टॉल न करता थेट मिंट चालवता येतं). त्याला एक्सटी४ सारखी लिनक्सची फाइलसिस्टिम लागते, विंडोजसाठी फॉरमॅट केलेली एनटीएफएस डिस्क चालत नाही. रोजचे ३ आणि आठवड्याचे २ स्नॅपशॉट पुरतात. दर बूटला एक घेण्याचा पर्याय बंदच ठेवावा. एवढं केलं की सिस्टिमपुरतं काम झालं.

बॅकअपचं साधन कोणतं, एन्क्रिप्शन आहे का, खिडकी कशी दिसते, हे फरक किरकोळ आहेत. उबंटूवाल्यांना डेजा डूप सोयीचं, टर्मिनलमध्ये आज्ञा टाइप करण्याची सवय असलेल्यांना आरसिंक किंवा बोर्ग. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. खरी गोची पुढे आहे.

टाइमशिफ्ट तुमचं होम फोल्डर, म्हणजे तुमच्या स्वतःच्या फाइल्स जिथे राहतात ती जागा, मुळात धरतच नाही. सेटिंगमधल्या 'युजर्स' टॅबमध्ये प्रत्येक युजरसमोर तीन पर्याय असतात: सगळं वगळा, फक्त लपलेल्या फाइल्स घ्या, सगळं घ्या. सुरुवातीला 'सगळं वगळा' हेच निवडलेलं असतं. म्हणजे डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, फ्रीकॅडची ड्रॉइंग्ज, कॅल्कमधली बिलं, यातलं काहीही स्नॅपशॉटमध्ये नसतं. ही त्रुटी नाही, ती विचारपूर्वक केलेली रचना आहे. पण हे कळलं की लोक जो उपाय करतात तो मूळ चुकीपेक्षा महागात पडतो. ते तिथे जाऊन 'सगळं घ्या' निवडतात आणि निश्चिंत होतात.

त्याने काय होतं ते नीट पाहा. समजा सोमवारी रात्री स्नॅपशॉट झाला. मंगळवारी, बुधवारी, गुरुवारी तुम्ही नवी ड्रॉइंग्ज केली, जुन्यांत दुरुस्त्या केल्या. गुरुवारी संध्याकाळी अपडेटनंतर डेस्कटॉप उघडेना. तुम्ही सोमवारचा स्नॅपशॉट रिस्टोअर केला. सिस्टिम सोमवारवर गेली, हे हवंच होतं. पण होमही सोमवारवर गेलं. दुरुस्त केलेल्या फाइल्सवर जुन्या फाइल्स बसल्या, आणि मंगळवारपासून तयार झालेल्या फाइल्स पुसल्या गेल्या. रिस्टोअर करताना टाइमशिफ्ट नुसत्या जुन्या फाइल्स आणून ठेवत नाही. स्नॅपशॉटमध्ये जे नाही ते डिस्कवरूनही काढून टाकतं, कारण सिस्टिम हुबेहूब त्या क्षणासारखी करणं हेच त्याचं काम. डिस्क ठणठणीत असताना, कोणतीही फाइल खराब झालेली नसताना तीन दिवसांचं काम गेलं.

सिस्टिमला मागे न्यायचं असतं. कामाला कधीच मागे न्यायचं नसतं. त्यातली हरवलेली एखादी फाइल परत आणायची असते आणि बाकीचं काम आजच्या तारखेलाच राहू द्यायचं असतं. या दोन्ही गोष्टी एका रिस्टोअरच्या बटणाला बांधल्या की एकीसाठी दुसरीचा बळी जातो. म्हणून 'युजर्स' टॅबमध्ये 'सगळं वगळा' हेच ठेवा. 'फक्त लपलेल्या फाइल्स' हा मधला पर्यायही नको. मिंटवर थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रामची सगळी मेल होममधल्या लपलेल्या फोल्डरमध्ये असते. पॉप पद्धतीने उतरवून सर्व्हरवरून काढलेली मेल असेल, तर रिस्टोअरनंतर मधल्या दिवसांची पत्रं कुठेच उरत नाहीत.

हाच घोळ उलट्या बाजूनेही होतो, आणि तो फार कमी जणांच्या लक्षात येतो. काही काम होमच्या बाहेर राहतं. मशीनवर ईआरपीनेक्स्ट हे हिशेबाचं सॉफ्टवेअर किंवा दुसरं काही मारियाडीबी या डेटाबेसवर चालत असेल, तर त्याचा डेटा 'व्हार' फोल्डरमधल्या 'लिब'मध्ये असतो, आणि तो भाग टाइमशिफ्ट सिस्टिमचाच समजून धरतं. ड्रायव्हरसाठी मागे गेलात की हिशेबाचा डेटाबेसही तेवढाच मागे जातो. शिवाय चालू डेटाबेसच्या फाइल्स नुसत्या कॉपी केल्या तर त्या अर्धवट लिहिलेल्या अवस्थेतही पकडल्या जाऊ शकतात. म्हणून 'फिल्टर्स' टॅबमध्ये डेटाबेसचं फोल्डर वगळा, रोज रात्री त्याचा डंप (सगळा डेटा एका फाइलमध्ये उतरवलेली प्रत) काढून होममध्ये ठेवा आणि तो डंप बॅकअपमध्ये जाऊ द्या. व्हर्च्युअल मशीनच्या डिस्कफाइल्सही वगळा. ४० जीबीच्या फाइलमध्ये एक बाइट बदलला तरी टाइमशिफ्टच्या आरसिंक मोडमध्ये (फाइल्स कॉपी करण्याच्या पद्धतीत) पुढच्या स्नॅपशॉटला ती अख्खी पुन्हा कॉपी होते, सिस्टिमचं रूट पार्टिशन भरतं आणि डेस्कटॉपवर लॉगिनही होत नाही. असं झालंच तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबून टर्मिनलमध्ये लॉगिन करा आणि टाइमशिफ्टच्याच डिलीट आज्ञेने जुने स्नॅपशॉट काढा. फाइल मॅनेजरमधून हाताने ते फोल्डर उडवू नका.

दुसरा गैरसमज संख्येचा. यादीत दहा स्नॅपशॉट दिसतात, म्हणून दहा प्रती आहेत असं वाटतं. आरसिंक मोडमध्ये पहिला स्नॅपशॉट पूर्ण असतो. पुढच्यांत फक्त बदललेल्या फाइल्स नव्याने लिहिल्या जातात आणि बाकी सगळ्या हार्डलिंक असतात. हार्डलिंक म्हणजे त्याच फाइलला लावलेलं आणखी एक नाव. सातबाऱ्यावर दहा नावं चढली म्हणून शेतं दहा होत नाहीत. डिस्कवरचा जो भाग खराब झाला त्यावरची फाइल दहाही स्नॅपशॉटमध्ये एकदमच खराब होते. टाइमशिफ्टच्या दुसऱ्या, म्हणजे बीटीआरएफएस फाइलसिस्टिमवरच्या मोडमध्ये तर स्नॅपशॉट क्षणात होतो, कारण तो काहीच कॉपी करत नाही, आणि तो सिस्टिमच्याच डिस्कवर राहतो. दुसऱ्या डिस्कवर ठेवण्याची सोय त्या मोडमध्ये नाही. डिस्क गेली की सिस्टिम आणि स्नॅपशॉट एकत्रच जातात.

आता बॅकअप. तो वेगळ्या डिस्कवर हवा, आणि काम झालं की ती डिस्क केबलपासून सुटी हवी. पावसाळ्यात वीज कडाडून लाइट ये-जा करते तेव्हा जोडून ठेवलेली डिस्क मशीनसोबतच धोक्यात असते. डेजा डूपमध्ये होम फोल्डर आपोआप निवडलेलं असतं, पण कचरापेटी आणि डाउनलोड्स वगळलेले असतात. आपल्याकडे बँकेची स्टेटमेंट, जीएसटीची चलनं, गिऱ्हाइकाने मेलने पाठवलेली ड्रॉइंग्ज सगळी डाउनलोड्समध्येच पडून असतात. ते फोल्डर वगळण्याच्या यादीतून आधी काढा. जुन्या प्रती किमान सहा महिने ठेवा. एन्क्रिप्शनचा पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेवा. तो हरवला तर बॅकअप उघडण्याचा दुसरा मार्ग नाही.

आरसिंक वापरणाऱ्यांनी दोन गोष्टी सांभाळाव्यात. मूळ फोल्डरच्या नावाच्या शेवटी तिरकी रेघ दिली तर आतलं सामान जातं, न दिल्यास ते फोल्डरच आत जातं. डिलीट पर्याय लावलेला असताना ही रेघ चुकली तर भलतंच पुसलं जातं. म्हणून आधी ड्राय रन (काहीही न बदलता नुसती चाचणी) करून यादी वाचा. आणि बाहेरची डिस्क खरंच माउंट झाली आहे का, म्हणजे सिस्टिमला जोडली गेली आहे का, हे स्क्रिप्टमध्ये तपासा. नाहीतर सगळा बॅकअप माउंटच्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे त्याच मशीनच्या रूट पार्टिशनवर लिहिला जातो.

गूगल ड्राइव्हचा सिंक हा बॅकअप नाही, कारण इथे पुसलेलं तिथेही पुसलं जातं. रेड, म्हणजे एकच डेटा दोन डिस्कवर एकदमच लिहिण्याची सोय, हाही बॅकअप नाही. एका डिस्कवर चुकून पुसलेली फाइल दुसरीवरूनही त्याच क्षणी जाते.

एक प्रत दुसऱ्या इमारतीत हवीच. नाशिककराला हे वेगळं पटवून द्यायची गरज नसावी. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर पाणी चढलं तेव्हा सराफ बाजारातल्या दुकानांत गोदावरी शिरली होती. तळमजल्यावरचं मशीन आणि त्याच्याच ड्रॉवरमधली बॅकअप डिस्क, दोन्ही एकाच पाण्यात जातात. दोन डिस्क घ्या, साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या दिवशी अदलाबदल करा, एक कायम इंदिरानगरला किंवा पाथर्डी फाट्याला घरी राहू द्या. तीन महिन्यांतून एकदा बॅकअपमधली एखादी फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये काढा आणि उघडून बघा. जो बॅकअप कधी उघडून पाहिलेला नाही त्याच्या भरवशावर राहू नका.

आणि मशीन बिघडलंच, तर क्रम असा. लाइव्ह पेनड्राइव्हवरून चालू करा. सगळ्यात आधी होम फोल्डर, आणि मशीनवर डेटाबेस असेल तर त्याचं फोल्डरही, बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. मग टाइमशिफ्ट उघडा, 'युजर्स'मध्ये होम वगळलेलं आहे याची खात्री करा, आणि त्यानंतरच रिस्टोअर दाबा.