मुलांचं पोट दुखतंय आणि कारण सापडत नाहीये? सोनोग्राफीला येण्याआधी हे वाचा

मुलांच्या पोटदुखीत बहुतेक वेळा बद्धकोष्ठ, जुलाब नाहीतर व्हायरल असंच काहीतरी निघतं, ते डॉक्टर हाताने पोट तपासूनच सांगतात, आमच्याकडे यायची गरजही पडत नाही. हे पत्रक बाकीच्या थोड्या मुलांसाठी.

सगळ्यात आधी उलटीचा रंग बघा. हिरवी उलटी म्हणजे पित्त, म्हणजे जठराच्या पुढे कुठेतरी वाट अडलीय असं धरूनच चालायचं. तान्ह्या बाळाच्या आतड्याची ठेवण जन्मतःच चुकलेली असेल तर त्याला पीळ पडू शकतो, रक्तपुरवठा थांबतो आणि काही तासांत आतडं काळं पडतं. अशावेळी अपॉइंटमेंट घेऊन आमच्या बाकावर बसू नका, सरळ लहान मुलांचे सर्जन असलेल्या हॉस्पिटलला जा. आमचं एक गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

दुसरा प्रकार साधारण ६ महिने ते ३ वर्षांच्या मुलांत, आतड्यात आतडं शिरणं, दुर्बिणीच्या नळ्या एकात एक सरकतात ना तसं. मूल अचानक पाय पोटाशी घेऊन किंचाळतं, मग गप्प होतं, कधी चक्क खेळतं, पुन्हा १५-२० मिनिटांनी तेच, म्हणून घरच्यांना वाटतं नाटक करतंय. रक्त आणि आव पडायची वाट बघू नका, ते उशिरा दिसतं. सोनोग्राफीत हे छान दिसतं, गोलात गोल, आणि बऱ्याचदा गुदद्वारातून हवेचा किंवा सलाईनचा दाब देऊन ऑपरेशनशिवाय सुटतं. १०० पैकी साधारण १० मुलांत परत होतं. मूल मोठं असेल, म्हणजे ५-६ वर्षांच्या पुढचं, तर आतडं का शिरलं ते शोधावं लागतं, पॉलिप (आतड्याच्या आतल्या अस्तरावर वाढलेला कोंब), मेकेलची पिशवी (लहान आतड्याला जन्मतःच असलेली छोटी पिशवी), क्वचित लिम्फोमाची, म्हणजे एका प्रकारच्या कॅन्सरची गाठ. ही मेकेलची पिशवी १०० मध्ये २ जणांना असते, बहुतेकांना जन्मभर त्रास देत नाही, आणि सोनोग्राफीत हमखास सापडेलच असंही नाही, रक्त जात असेल तर वेगळा आयसोटोप स्कॅन (शिरेतून किंचित किरणोत्सारी औषध देऊन काढलेला फोटो) करतात.

मग गिळलेल्या वस्तू. इथे पालक लाजतात आणि वेळ जातो. केस खायची सवय असेल तर सांगा, जठरात केसांचा गोळा होतो आणि त्याची शेपटी आतड्यात उतरते. दोन लोहचुंबक गिळले तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून एकमेकांना खेचतात आणि मधे भोक पडतं, त्यामुळे शीवाटे पडेल म्हणून थांबू नका. पाण्यात फुगणारे रंगीत मणी एक्स-रेत सहसा दिसतच नाहीत, तसलाच एखादा मणी किंवा त्याचं पाकीट घेऊन या. मुलाला ओरडून विचारलंत तर ते नाहीच म्हणणार.

कधी दुखणं पोटातलं नसतंच! फुफ्फुसाच्या खालच्या भागातला न्यूमोनिया, नव्याने सुरू झालेला डायबेटिस, मुलग्यांत वृषणाला पडलेला पीळ, सगळ्यांत मूल पोटावरच हात ठेवतं. पायांवर जांभळे ठिपके असतील तर तेही दाखवा.

आणि रिपोर्ट नॉर्मल म्हणजे त्या वेळेला दिसलं नाही एवढंच, गॅस मधे आला की आमच्या मशीनला पलीकडचं दिसत नाही. दुखणं चालूच असेल तर परत तपासून घ्या. आधी पोटाचं ऑपरेशन झालं असेल तर त्याचे कागद आणा, ऑपरेशननंतर आत तयार झालेले चिकटलेले पट्टे सोनोग्राफीत सहसा दिसत नाहीत. उलट्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोंडाने काही देऊ नका.